पोटखराबा

नागपूरच्या विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात पत्ता सेक्टरवर चालतो. एम्स कुठं आहे विचारलं तर सेक्टर २० सांगतात. गेटवर माझी पिशवी तपासणारा पोरगा दर वेळी विचारतो, "कोणत्या सेक्टरमंधी जाऊन राहिले जी काकाजी?" मी सांगतो. पिशवीत स्क्रूड्रायव्हरचा संच, दोन केबली, एक कोरी हार्डडिस्क आणि डिस्कच्या सर्किटवरची काळवंडलेली टोकं घासायला खोडरबर असतं. ज्या कामाला जातो त्यातही सेक्टरच असतात, फक्त ते ५१२ बाइटचे. १९९२ पासून मी त्यांच्यातले नासलेले शोधतो आहे.

याच कुंपणाच्या आत, खापरीच्या पलीकडे, आमचं शेत होतं. १ हेक्टर ६२ आर. नागपूर पूर्वी मध्य प्रांतात होतं, म्हणून आमच्याकडे अजून गटापेक्षा खसरा हाच शब्द तोंडात बसलेला आहे. आमच्या खसऱ्याच्या सातबाऱ्यावर क्षेत्राखाली एक लहान ओळ असायची: पोटखराबा ०.११. शेतातून नाला जायचा आणि त्याच्या काठानं मुरूम उघडा पडलेला एक पट्टा होता. बाबा वखर घेऊन त्या पट्ट्यापाशी आले की बैल आपणहून वळायचे. लहानपणी मला वाटायचं, तेवढी जमीन दुसऱ्या कुणाची असेल. बाबांना विचारलं तेव्हा म्हणाले, "आपलीच आहे न बावा. पेरत नाही फक्त."

बॅड सेक्टर म्हणजे काय हे मी आजही गिऱ्हाइकाला याच शब्दात सांगतो. डिस्क तुमचीच, जागा तुमचीच, पण तिथं पेरायचं नाही.

महसुलाच्या नियमांत पोटखराब्याचे दोन वर्ग आहेत. अ वर्ग म्हणजे खडकाळ, नापीक म्हणून सोडलेली. ती शेतकऱ्यानं मेहनत करून कधीही वहितीखाली आणावी. ब वर्ग म्हणजे रस्ता, लोकांच्या वापरातला नाला, तळं, दफनभूमी यांनी अडलेली. तिला हात लावता येत नाही. डिस्कवरही हेच दोन वर्ग आहेत आणि माझ्या धंद्यातलं अर्धं कौशल्य ते वेळेवर ओळखण्यात आहे. त्याच्याकडे येतोच.

खराब जागा वगळून बाकीची वापरायची ही रीत डिस्कच्या लहानपणापासूनची. आयबीएमनं १९५६ मध्ये रामॅक यंत्राबरोबर पहिली डिस्क आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि सगळ्यात मिळून मावायची ५० लाख अक्षरं. तबकडीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा लेप असायचा, म्हणजे गंजाचाच म्हणा ना. असा लेप सगळीकडे सारखा बसणं अशक्य. १९६४ च्या आयबीएम २३११ मध्ये याची सोय सरळ रचनेतच केलेली दिसते. तिच्यात २०३ सिलिंडर, म्हणजे तबकड्यांवर एकाखाली एक येणाऱ्या गोल ट्रॅकांचे गठ्ठे, होते, वापरायला २०० आणि राखीव ३. एखादा ट्रॅक खराब निघाला की त्याच्या तोंडाशीच खूण करायची आणि राखीव ट्रॅकचा पत्ता तिथं लिहून ठेवायचा. वाचणारं यंत्र तिथं आलं की वळायचं, आमच्या बैलांसारखं.

१९८० मध्ये सीगेटची एसटी-५०६ आली, सव्वापाच इंची, ५ एमबीची. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबी होती. डिस्क टेबलावर आली ती या पिढीत, आणि या पिढीबरोबरच ती यादी आली जिच्याबद्दल मला लिहायचं आहे.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड करून मी १९९२ मध्ये बर्डीवरच्या एका दुकानात लागलो. बर्डी म्हणजे सीताबर्डी, पण नागपुरात एवढं मोठं नाव कुणी घेत नाही. दुकानात एक जुने मेकॅनिक होते, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांनी माझ्या हातात पहिली डिस्क दिली ती २० एमबीची, विटेएवढी जड. मी केबल लावायला निघालो तर त्यांनी हात धरला. "आधी यादी वाच. डिस्क मंग पाय."

डिस्कच्या पाठीवर एक स्टिकर होतं. त्यावर तीन रकाने: हेड (वाचणारं-लिहिणारं टोक), सिलिंडर, आणि ट्रॅकच्या सुरुवातीपासून कितवा बाइट. त्याखाली सात ओळी. कारखान्यातून निघतानाच तपासणाऱ्यानं लिहून दिलं होतं की या डिस्कवर या सात जागा वाईट आहेत. मला धक्काच बसला. नवीन वस्तू विकताना तिच्यातले दोष पाठीवर छापून देणारा धंदा मी तोपर्यंत पाहिला नव्हता. उस्तादांना मात्र त्याच्यात विशेष काही वाटत नव्हतं. ज्या डिस्कवरचं स्टिकर कोरं असेल तिच्याकडे ते संशयानं बघायचे.

लो-लेव्हल फॉरमॅटचं काम असं चालायचं. डॉसमध्ये डीबग उघडायचं, जी बरोबर सी-आठशे कोलन पाच हा मंत्र टाकायचा, की कंट्रोलर कार्डाच्या आतला प्रोग्राम जागा व्हायचा. तो विचारायचा, खराब जागा आहेत का? मग स्टिकरवरची एकेक ओळ हातानं भरायची. त्या डिस्कला ६१५ सिलिंडर, ४ हेड आणि प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर, म्हणजे एकूण ४१,८२० सेक्टर. एक आकडा चुकला तर चांगली जागा वाया जायची आणि वाईट जागेवर कुणाचं तरी लेजर लिहिलं जायचं. उस्तादांकडे लाल कापडी पाठीचं रजिस्टर होतं. दुकानात आलेल्या प्रत्येक डिस्कची यादी ते त्यात उतरवायचे आणि डिस्क पुन्हा दुरुस्तीला आली की जुन्या यादीखाली नव्या जागा लिहायचे, तारखेसकट. कुठली डिस्क स्थिर आहे आणि कुठली खचते आहे हे त्या रजिस्टरवरून दिसायचं.

त्यात नागपूरचा उन्हाळा. त्या काळच्या स्वस्त डिस्कांमध्ये हेड हलवायला स्टेपर मोटर असायची. ती ठरलेल्या पायऱ्यांनी पुढं जाते. ट्रॅक खरंच तिथं आहे का हे ती बघत नाही. डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांत फॉरमॅट केलेली डिस्क मे महिन्यात ४५ च्या वर गेलेल्या शहरात चालू केली की धातू प्रसरण पावलेला असायचा, ट्रॅक केसभर सरकलेले असायचे, आणि काल चांगले असलेले शेकडो सेक्टर एकदम वाचता यायचे नाहीत. गिऱ्हाईक घाबरून यायचं. उस्ताद डिस्क कूलरसमोर तासभर ठेवायचे, आतला माल, म्हणजे डेटा, काढून घ्यायचे आणि मग त्याच उन्हात, डिस्क चांगली तापल्यावर, नव्यानं फॉरमॅट करायचे. नवतपा सुरू झाला की अशा पाच-सात डिस्का रांगेत असायच्या. पुढं व्हॉइस कॉइलच्या डिस्का आल्या, त्या ट्रॅकवरच्या खुणा वाचून स्वतःला सावरतात. त्यानंतर हा हंगामी आजार संपला. पण कोणता सेक्टर खरा नासलेला आणि कोणता फक्त रुसलेला, हा फरक मी त्या उन्हाळ्यांत शिकलो.

दुसरी यादी डॉसच्या आत होती. फाइल अलोकेशन टेबल, म्हणजे फॅट, ही डिस्कची खतावणी. कोणता क्लस्टर कुणाच्या नावावर ते तिच्यात लिहिलेलं. खराब क्लस्टरसमोर डॉस एक ठरावीक आकडा लिहायचा, १६ बिटांच्या फॅटमध्ये एफ-एफ-एफ-७, आणि मग त्या क्लस्टरला कोणतीही फाइल मिळायची नाही. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.२ बरोबर स्कॅनडिस्क आलं आणि ही यादी चित्रात दिसायला लागली. निळ्या पडद्यावर चौकोन भरत जायचे आणि खराब जागेवर बी हे अक्षर उमटायचं. गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसायचं आणि बी मोजायचं. यात तोटाही होता. एक-दोन जीबीच्या विभागात एक क्लस्टर ३२ केबीचा, म्हणजे ६४ सेक्टरांचा. एक सेक्टर गेला की शेजारचे ६३ निरोगी सेक्टर त्याच्याबरोबर बाद. नाल्यासाठी अख्खं वावर सोडल्यासारखं.

१९९७ सालच्या मार्चअखेरची गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. एका लहान पतसंस्थेचा संगणक आला. डिस्कमधून मधूनच टक् असा आवाज यायचा. मी स्कॅनडिस्क पूर्ण तपासणीवर लावलं आणि घरी गेलो. सकाळी सहा बी होते. मला वाटलं, खूण झाली, आता ठीक होईल. खात्रीसाठी पुन्हा एकदा लावलं. दुपारी दोनशेच्या वर बी होते आणि संध्याकाळी डिस्क ओळखूच येईना. मी काय केलं होतं ते उस्तादांनी डिस्क उघडून दाखवलं. तबकडीवर एक बारीक गोल ओरखडा होता. हेड तिथं घासलं होतं, घासल्यानं भुगा सुटला होता आणि तो भुगा हवेबरोबर फिरून आणखी जागा खरवडत होता. मी रात्रभर हेडला त्याच ओरखड्यावरून पुन्हा पुन्हा नेलं होतं. आधी माल काढून घेतला असता तर बहुतेक सगळा निघाला असता. पतसंस्थेकडे कागदी किर्द-खतावणी होती म्हणून त्यांचं वर्ष वाचलं. चार जण सगळ्या नोंदी पुन्हा भरत होते आणि रोज दुकान बंद झाल्यावर मी त्यांच्यात पाचवा जाऊन बसायचो. एकोणीस दिवस लागले. मला कुणी रागावलं नाही. तिथल्या एक ताई मला रोज चहा द्यायच्या, तो घशाखाली उतरत नसे.

तेव्हापासून माझा क्रम बदलला: आधी माल बाहेर, मग तपासणी, आणि दुरुस्ती परवडली तर सगळ्यात शेवटी.

माल काढून झाल्यावर डिस्क फेकायची का? त्या काळी नाही. चार जीबीची डिस्क म्हणजे आमच्याकडे एका माणसाचा महिनाभराचा पगार होता. मग आम्ही तिच्यातला पोटखराबा आखून द्यायचो. स्कॅनमध्ये खराबी कुठल्या एमबीपासून कुठल्या एमबीपर्यंत पसरली आहे ते बघायचं. समजा १,९०० ते २,१०० मध्ये आहे. तर दोन्ही बाजूंना शंभर-शंभर एमबीचा बांध सोडायचा, कारण खराबी काठानं वाढते. एफडिस्कला मधे मोकळी जागा सोडून पुढचा विभाग करता येत नाही, म्हणून उस्तादांनी तोड काढली होती: पहिला विभाग १,८०० चा, उरलेलं सगळं एक्स्टेंडेड, त्यात पहिला लॉजिकल ड्राइव्ह ४०० एमबीचा, त्यापुढं उरलेल्याचा दुसरा. मग तो ४०० वाला पुसून टाकायचा. मधला पट्टा बेवारस राहायचा आणि हेडला त्याच्यावर थांबायचं काही कारण उरायचं नाही. डिस्कच्या पाठीवर मी स्केचपेननं लिहायचो: १८०० ते २२०० सोडलेलं, तारीख, आणि खाली माझी सही. कारखान्याचं स्टिकर तोवर गायब झालं होतं. म्हणून मी माझं लावायला लागलो.

स्टिकर गायब का झालं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. नव्या आयडीई डिस्कांमध्ये कंट्रोलर डिस्कच्या अंगावरच आला आणि यादी त्याच्या आत गेली. कारखान्यात सापडलेल्या दोषांची एक, तिला पी-लिस्ट म्हणतात. वापरात वाढत गेलेल्या दोषांची दुसरी, जी-लिस्ट. राखीव सेक्टरही आतच. एखादा सेक्टर कमजोर झाला की डिस्क परस्पर राखीव सेक्टर त्याच्या नावावर करून देते आणि विंडोजला त्याचा पत्ता लागत नाही. गिऱ्हाइकाला शून्य खराबी दिसते. हे तंत्र उत्तम आहे, याच्याशिवाय आजच्या डिस्का बनूच शकल्या नसत्या. पण त्यानं एक गोष्ट माणसांच्या हातातून गेली. १९९२ मध्ये नागपुरातला एक साधा हिशेबनीस आपल्या डिस्कवर सात वाईट जागा आहेत हे जाणून होता आणि त्यामुळे दर शनिवारी फ्लॉपीवर नक्कल घेत होता. २००२ मध्ये त्याच्या मुलाला आपली डिस्क निर्दोष वाटत होती, म्हणून तो काहीच नक्कल घेत नव्हता.

अ वर्ग आणि ब वर्ग इथं येतात. वाचताना सेक्टर चुकला तर डिस्क तो लगेच बदलत नाही. आतला माल गेला असं परस्पर ठरवायचा अधिकार तिला नाही. ती त्याला प्रलंबित म्हणून लिहून ठेवते. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मग ती तपासते: लिहिलेलं नीट वाचता आलं तर नाव कमी करते, नाही तर राखीव सेक्टर देते. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं विदर्भातल्या कुणाला विसरता येणार नाहीत. डिस्क लिहीत असताना वीज जायची, सेक्टर अर्धवट लिहिला जायचा, त्याची पडताळणीची बेरीज जुळायची नाही, आणि धातूला काहीही झालेलं नसताना सेक्टर खराब दिसायचा. हा अ वर्ग. माल काढून घ्या, त्या जागेवर शून्यं लिहा, जमीन पुन्हा वहितीत येते. गावाकडून आलेल्या कितीतरी डिस्का मी अशा परत पाठवल्या आणि बरोबर यूपीएस घ्या म्हणून चिठ्ठी दिली. ओरखडा पडलेला तो ब वर्ग. तिथं शून्यं लिहीत बसणं म्हणजे मी १९९७ मध्ये केलं तेच.

आतली यादी पुन्हा बाहेरून दिसायची खिडकी १९९० च्या दशकाच्या मध्यात उघडली, तिचं नाव स्मार्ट. डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवते आणि विचारलं की सांगते. मी तीन बघतो: क्रमांक ५, किती सेक्टर बदलले; १९७, किती प्रलंबित; १९८, किती वाचताच आले नाहीत. २००७ मध्ये गूगलच्या तीन संशोधकांनी, पिन्हेरो, वेबर आणि बरोसो यांनी, लाखावर डिस्कांचा अभ्यास छापला. तपासणीत पहिली चूक सापडल्यापासून साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याचा संभव चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाला. तो आकडा मी दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावला. दुसरी बाजूही त्याच अभ्यासात होती: बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी या महत्त्वाच्या आकड्यांमधून कसलीच सूचना दिली नव्हती. आणि उष्णतेचा परिणाम आम्ही नागपूरकर समजत होतो तितका सरळ नव्हता, फार जास्त तापमानात आणि जुन्या डिस्कांतच तो स्पष्ट दिसत होता. हे मानायला मला वेळ लागला. आमच्या मनातल्या डिस्का अजून स्टेपर मोटरच्या होत्या.

या सगळ्यात आमच्याकडे मिहान आलं. ते उभारणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली, मग मोजणी, नोटिसा, भूसंपादन. शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, खापरी, सगळ्या मौज्यांत एकच बोलणं. आमचं शेत गेलं. बाबा त्याबद्दल फार बोलले नाहीत. शेवटच्या वर्षी त्यांनी नाल्याच्या काठचा तो मुरमाचा पट्टाही वखरला, कशासाठी ते मी विचारलं नाही.

२०११ च्या दिवाळीत थायलंडला पूर आला आणि हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले. काही आठवड्यांतच बर्डीवर डिस्कचे भाव असे चढले की लोक जुन्या डिस्का काखोटीला मारून पुन्हा आमच्याकडे यायला लागले. पोटखराबा आखून देण्याचं काम, जे मी जवळजवळ सोडलं होतं, पुन्हा वर्षभर चाललं.

त्याच काळात तहसीलसमोर बसणारे एक अर्जनवीस आले. वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांचे अर्ज तेच टाइप करायचे, आणि आसपासच्या मौज्यांतले सातबारे, फेरफार, मोजणीचे नकाशे स्कॅन करून त्यांनी एका ८० जीबीच्या डिस्कवर ठेवले होते. डिस्क सुरू होत होती पण काही उघडत नव्हतं. त्यांनी ती टॉवेलात गुंडाळून आणली होती. "निघते का भाऊ? ह्यात गावंच्या गावं आहेत."

१९७ समोरचा आकडा मी पाहिला आणि विंडोज बंद केलं. अशी डिस्क उघडली की विंडोज आपल्या मनानं तिच्यावर फिरत राहतं. मी लिनक्सच्या सीडीवरून यंत्र सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू लावलं. आंतोनियो दिआज दिआज नावाच्या माणसानं २००४ पासून घडवलेलं हे हत्यार फुकट मिळतं आणि माझ्या मते आमच्या धंद्यात याच्याइतकं शहाणं हत्यार दुसरं नाही. ते आधी सोपं ते सगळं उचलतं. अडखळलं की तिथं थांबत नाही, उडी मारून पुढं जातं. सगळी चांगली जमीन उचलून झाल्यावर खराब पट्ट्याच्या काठाशी परत येतं, दोन्ही बाजूंनी आत सरकत जातं आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर खरवडतं. मुख्य म्हणजे ते एक नोंदवही ठेवतं. साधी मजकुराची फाइल: कुठून सुरू, किती लांब, समोर अधिक म्हणजे मिळालं, उणे म्हणजे नाही. वीज गेली, यंत्र बंद केलं, तरी पुढल्या वेळी तिथूनच सुरू. ती फाइल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा उस्तादांचं लाल पाठीचं रजिस्टरच समोर आलं.

१५ कोटी ६३ लाख सेक्टरांपैकी ९७ टक्के पाच तासांत आले. उरलेल्या तीन टक्क्यांना अकरा दिवस लागले. डिसेंबर होता. मी डिस्क स्टीलच्या ताटावर ठेवून ताट फरशीवर ठेवलं होतं, म्हणजे उष्णता खाली उतरेल. दोन-तीन तास चालवायची, मग तेवढीच विश्रांती. काही सेक्टर डिस्क उलटी ठेवल्यावर आले, काही उलट्या दिशेनं वाचल्यावर. अर्जनवीस रोज संध्याकाळी यायचे, खुर्चीत बसायचे, आकडा बघायचे आणि जायचे. शेवटी १,१४० सेक्टर उरले, साधारण ५७० केबी. ते निघाले नाहीत.

आता कोणत्या फायलींमध्ये भोकं पडली ते शोधायचं होतं. डीडीरेस्क्यूमध्ये त्याची सोय आहे: नकलेत न मिळालेल्या प्रत्येक सेक्टरच्या जागी आपल्याला हवा तो मजकूर भरता येतो. मग तो मजकूर सगळ्या फायलींत शोधायचा; जिच्यात सापडेल ती फाइल फाटकी. लोक काही इंग्रजी शब्द भरतात. मी तो शब्द भरला जो त्या संध्याकाळी पडद्यावरच्या सातबाऱ्यावर माझ्यासमोर होता. पोटखराबा. शोध लावला, नऊ फायली निघाल्या. त्यांची नावं मी कागदावर लिहून दिली आणि अर्जनविसांनी आठवडाभरात त्या नऊंच्या नकला दप्तरातून पुन्हा काढून आणल्या.

२०१६ मध्ये मी बर्डी सोडून खापरीच्या बाजूला, वर्धा रोडवर, एक खोली घेतली. मार्च २०१९ पासून खापरी ते सीताबर्डी मेट्रो धावायला लागली, त्यामुळे जुनी गिऱ्हाइकंही तुटली नाहीत. मिहानमधल्या कंपन्यांत माझं काम बहुतेक डिस्क बदलण्याचं. तिथल्या सर्व्हरमध्ये पाच-सहा डिस्का एकमेकींच्या जामीन असतात. एक मेली तर बाकीच्यांवरून तिचा माल पुन्हा उभा करता येतो. तरुण अभियंत्यांना मी एकच गोष्ट बजावून सांगतो. एक डिस्क मेल्यावर उभारणी सुरू होते तेव्हा बाकीच्यांचा प्रत्येक सेक्टर वाचला जातो, कित्येक वर्षांत कुणी न वाचलेलेसुद्धा, आणि त्यातला एखादा आधीच गेलेला असेल तर ते तेव्हाच कळतं. म्हणून दर महिन्याला सगळ्या डिस्का एकदा सावकाश शेवटपर्यंत वाचून घ्यायच्या. गावात तलाठी पीकपाहणीला यायचा तसं. वावरात जाऊन पाहिल्याशिवाय काय उगवलं ते कळत नाही.

एसएसडी आल्यावर हे सगळं मागे पडलं असं त्या मुलांना वाटतं. एसएसडीत तबकडी नसते, चिप असते, पण ती चिपसुद्धा कारखान्यातून खराब ब्लॉकांच्या खुणा अंगावर घेऊनच निघते. १,०२४ ब्लॉकांच्या काही जुन्या चिपांच्या माहितीपत्रकात २० पर्यंत खराब ब्लॉक चालतील असं छापलेलं आहे. ते पत्रक मी छापून ठेवलंय. मुलं विचारतात तेव्हा त्यांच्या हातात देतो.

गेल्या महिन्यात एक बाई जुना संगणक घेऊन आल्या. यजमान गेले, त्यांचं टंकलेखनाचं दुकान होतं, यंत्र आता मोडीत द्यायचं, पण आधी त्यातलं काही घेता येईल का म्हणाल्या. पेटी उघडली. डिस्कच्या पाठीवर फिकट निळ्या स्केचपेननं लिहिलं होतं: १८०० ते २२०० सोडलेलं, १४-८-२००१, आणि माझी सही.

दोन्ही विभागांतला माल मी आधी उतरवून घेतला. पहिल्यातला सगळा आला. दुसऱ्याच्या सुरुवातीला काही पत्रं तुटली, पुढचं सगळं नीट आलं. तो त्यांना पेनड्राइव्हवर दिला. मग त्यांना विचारून डिस्क ठेवून घेतली आणि रात्री पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावली. खालचा काठ १,९०० वर होता, आखला तेव्हा होता तिथंच. वरचा सरकला होता. तेवीस वर्षांत तो माझा शंभर एमबीचा बांध ओलांडून २,२६० पर्यंत आला होता.

मी स्केचपेन घेतलं आणि जुन्या ओळीखाली नवा आकडा लिहिला, तारीख घातली.